बाबांनी मारलेली हाक

मी लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. भूत-बित, आत्मा-बित यावर माझा कधीच विश्वास नव्हता. वर्गात कुणी असलं काही काढलं की त्याची चांगली फिरकी घेते! पण हा अनुभव माझ्याच नावाचा आहे... म्हणून लिहिते.

आमचं गाव औशाजवळ. बाबा एअरफोर्समध्ये होते. एकाहत्तरच्या युद्धात त्यांचं विमान परतलंच नाही. 'बेपत्ता' — एवढंच कळलं. मी तेव्हा आईच्या पोटात. शेवटच्या सुट्टीवरून जाताना बाबा तिला म्हणाले होते, "नाव मीच येऊन ठेवीन, तुमी घाई करू नका." झालं! मी जन्मले तरी आई हटून बसली. ते आल्याशिवाय बारसं नाही, आणि त्यांचं पुण्यानुमोदन, म्हणजे आम्हा बौद्धांतला मृत्यूनंतरचा विधी, तर नाहीच नाही. सगळे मला नुसतं 'बाळी' म्हणत.

मग बहात्तरचा दुष्काळ. आई तलावाच्या कामावर माती उचलायला जायची. खोदलेल्या मुरमाच्या उंच कडेखाली सावली असायची, तिथं मला निजवायची. एका दुपारी समोरच्या अंगानं पुरुषाची हाक आली... "सुजाता! ए सुजाता!"

टोळीत या नावाचं कुणीच नव्हतं. सगळ्या बाया इकडंतिकडं बघू लागल्या. आईच्या हातातलं घमेलं पडलं.

"ह्यो तर त्येंचाच आवाज हाय!" म्हणत तिनं मला उचललं आणि आवाजाकडं धावत सुटली. मागं अख्खी कड कोसळली, मी निजले होते त्याच जागेवर.

समोर कुणीच नव्हतं. नुसता माळ.

घरी येऊन आई लई रडली. म्हणाली, "आता ते येत न्हाईत. येऊन गेले." मग तिनं पुण्यानुमोदन केलं आणि माझं नाव सुजाता ठेवलं.

मी हा सगळा उन्हाचा भास म्हणून सोडून दिला असता. पण दहा वर्षांनी लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बाबांचे एअरफोर्समधले एक सोबती नव्या कचेरीत नोकरीला आले. मूळचे धर्माबादचे. युद्धानंतर आमच्याकडं पहिल्यांदाच येत होते. एसटीतून उतरले ते थेट दारात.

"वहिनी, सुजाता झाली का सिद्धार्थ?"

आई पुढं झाली. "तुमाला... नावं कुनी सांगितली?"

"त्यानंच की! विमानात चढताना बोलला. पोरगी झाली तर सुजाता, पोरगा झाला तर सिद्धार्थ."

आईला हे बाबा कधीच बोलले नव्हते.

तो आवाज कुठून आला, मला आजही सांगता येत नाही. बाबांनी मला कधी पाहिलं नाही, कडेवर घेतलं नाही. पण त्या हाकेमुळं मी जिवंत आहे, आणि त्याबद्दल मी त्यांची फार फार ऋणी आहे. तेव्हा मला बोलता येत नव्हतं. आता रोज सकाळी त्यांच्या फोटोपुढं उभी राहते आणि 'ओ' देते.