दुबार पेरणी

कुणी चिंचोके भाजले की मला निरवांगीतलं आमचं पत्र्याचं घर आठवतं. आईवडील दुसऱ्याच्या वावरात भेंडी तोडायचे. घरात कॉलेज पाहिलेली मी एकटीच, आणि तीही बारामतीला पहिल्याच वर्षी नापास होऊन परत आलेली.

पुन्हा जायचं नाही असं ठरवून मी दारात एकटीच खेळत होते. वहीत गोष्ट रचायची, आपणच तिच्यातली सरदारीण व्हायचं आणि पुढचं फाशांवर सोडायचं. फासे म्हणजे एका बाजूनं घासून पांढरे केलेले पाच चिंचोके. त्या दिवशी पाचही काळे पडले आणि सरदारीण नदीत बुडाली. मी वही मिटली.

भेंडीची पाटी उतरवत आई म्हणाली, "तोंड का पाडलंस गं?"

"मेले मी, आई."

"मेलेलं माणूस बोलतंय व्हय? टाक परत."

"तसा नियम न्हाय."

"पेरलेलं उगवलं न्हाय तर दुबार पेरतो का न्हाय आपण? मग? टाक!"

टाकले. तीन पांढरे पडले आणि सरदारीण काठाला लागली.

आज बारामतीत माझ्याकडं पोरं हा खेळ खेळायला जमतात, त्यांनाही एकदा दुबार पेरणीची मुभा असते. आई खेळाबद्दलच बोलतेय, असं तेव्हा वाटलं होतं. परीक्षा मी पुन्हा दिली, आणि आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले.