म्हातारी आत येत नाही

आमच्या घरात दोन कुत्री आहेत आणि दोघांना दोन कायदे आहेत. एकाला सोफा, दुसरीला उंबऱ्याचं पायपुसणंसुद्धा नाही. हे कुणाला सांगितलं की लोक हसतात. हसा बापडे! ज्याला रोज डोळ्यांनी बघावं लागतं त्याला विचारा.

सोफ्यावरचा आहे तो लॅब्रेडॉर. माझा मुलगा रांजणगावच्या एका कंपनीत कामाला आहे. तिथल्या त्याच्या साहेबांची बदली झाली, नव्या फ्लॅटमध्ये कुत्रं ठेवू देईनात, म्हणून त्यांनी ते आमच्या पोराच्या गळ्यात मारलं आणि पोरानं ते आणून माझ्या गळ्यात मारलं. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं. त्याचं काहीतरी इंग्रजी नाव आहे, ते माझ्या जिभेवर बसत नाही. साहेबाच्या घरून आलाय म्हणून मी त्याला साहेबच म्हणते. त्यालाही ते आवडतं. नुसतं 'साहेब, जेवायला चला' म्हटलं की शेपटीनं टीपॉयवरचं सगळं खाली पाडतो.

दुसरी म्हातारी. गावठी, काळी, आता तोंडाभोवती पांढरी झालेली. एका वर्षी ऊसतोडीची टोळी आमच्या रानात उतरली होती, त्यांच्या गाडीखाली ही पिल्लू होती. टोळी गेली, ही राहिली. माझे सासरे, आबा, म्हणाले, "राहू द्या, गोठ्याला राखण होईल." पण उंबऱ्याच्या आत पाय टाकायचा नाही. आमच्याकडं उंबऱ्याची रोज पूजा होते. म्हणजे मी करते. सकाळी पुसायचा, हळदीकुंकू लावायचं, पुढं दोन रेघा रांगोळी. तिथं लक्ष्मी बसते म्हणे, मग तिथं कुत्र्याचा पाय कसा चालेल?

आबा दारात खुर्ची टाकून बसायचे आणि काठी मांडीवर आडवी. पिल्लूच ते, त्याला काय कळतंय? आतून भाकरीचा वास आला की पुढचा पाय उंबऱ्यावर टाकायचं, आणि आबांची काठी बसायची. केकाटत अंगणात जायचं, थोड्या वेळानं परत यायचं, परत काठी. मी चुलीपुढून ओरडायचे, "आबा, लागंल तिला." आबा म्हणायचे, "लागल्याबिगर कळत न्हाई." शेवटी कळलं तिला. असं कळलं की दार उघडं टाकून आम्ही सगळे लग्नाला गेलो तरी तिचं नखसुद्धा आत यायचं नाही. आबा हे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे.

आणि साहेब! पहिल्याच दिवशी मोटारीतून उतरला तो सरळ रांगोळीवरून, कुंकवात पाय बरबटून, हॉलच्या फरशीवर लाल ठसे उमटवत आबांच्या पायाशी जाऊन बसला. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी. म्हटलं आता काठी बसणार. आबांनी त्याच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाले, "जातीचं हाय. असली आतच असत्यात."

माझं डोकं असं फिरलं! मी म्हणाले, "म्हंजी जातीच्या कुत्र्याचा पाय लक्ष्मीला चालतो व्हय? मग आपली म्हातारी कुठल्या जातीची?"

"ती राखणीची," आबा म्हणाले. विषय संपला. आमच्या घरात विषय असेच संपतात.

माझं माहेर भांडगावचं. तिथं कुत्री खाटेखाली झोपायची आणि आई त्यांना ओलांडून जाता-येता शिव्या द्यायची. कुणाची लक्ष्मी गेली नाही. उलट भावानं ट्रॅक्टर घेतला. पण हे सासरी बोलून दाखवायची सोय नाही, 'आलं हिचं माहेर' म्हणतात.

मग मी माझ्यापुरता मार्ग काढला. सकाळी धारा झाल्या, दूध डेअरीला गेलं, डबे भरून झाले की आल्याचा चहा करायचा आणि घराकडं पाठ करून पायरीवर बसायचं. मी वरच्या पायरीवर, म्हातारी खालच्या. एक टोस्ट माझा, एक तिचा. ती टोस्ट खाऊन माझ्या पावलावर हनुवटी टेकायची आणि मी उन्हाला पाय ताणून गप्प बसायचे. आतून कुणी ना कुणी हाक मारायचंच, चार्जर कुठाय, टॉवेल कुठाय. मी ऐकू येत नाही असं दाखवायचे. अख्ख्या दिवसात तेवढा कपभर वेळ माझा होता, आणि त्यात कुत्रं होतं ते हेच.

यंदा ऊस डोक्याच्या वर गेला आणि वाघाचं सुरू झालं. पेपरात बिबट्या लिहितात, आम्ही वाघच म्हणतो. ज्याच्या त्याच्या मोबाईलवर वाघ. बाया एकट्या रानात जाईनात, गेल्या तर गाणी मोठ्यानं लावून. वाघ आधी मान धरतो, म्हणून म्हाताऱ्या माणसांनी गळ्यात खिळ्यांचे पट्टे घातले. कॅनॉलच्या पलीकडं पिंजरा लागला. आधी लांबच्या वस्तीवरचं कुत्रं गेलं, मग शेजारच्यांचं. साखळीसकट नेलं. सकाळी शेजारीण मला खुंटा दाखवायला घेऊन गेली, मला तिथं उभं राहवेना.

त्या दिवसापासून माझा जीव टांगणीला लागला. म्हातारीला एका डोळ्यानं दिसत नाही, धावायला गेली की मागचा पाय ओढते. वाघाला काय, आयतं ताट वाढून ठेवलेलं. मी मालकांना म्हणाले, "तिला आत घेऊ." मालक सोसायटीच्या राजकारणात मुरलेले, त्यांच्याकडं प्रत्येक गोष्टीला एकच उत्तर आहे. म्हणाले, "बघू." आणि आठवडी बाजाराला शिरूरला गेले ते खिळ्यांचा पट्टा घेऊन आले. मला वाटलं, चला, एवढं तरी सुचलं. तर त्यांनी तो साहेबाच्या गळ्यात घातला!

"अहो, सोफ्यावर वाघ येणार हाय का?"

"पोरगा म्हणला आण, म्हणून आणला."

काय बोलायचं अशा माणसाशी! मी पट्टा सोडला, तापलेल्या खिळ्यानं त्याला आणखी एक भोक पाडलं आणि म्हातारीच्या गळ्यात बांधला. तरी तो सैलच बसला, मानच राहिली नव्हती तिची.

आबांशी तर रोज वाद. "ती आत आली तर भुकणार कोण?" आबा म्हणायचे. "अन् वाघानं नेली तर भुकणार कोण?" मी म्हणायचे. यावर आबा पान लावायला घ्यायचे. साहेब दोघांच्या मधे पंख्याखाली चारी पाय वर करून घोरत पडलेला. त्याचा काय दोष, पण त्या दिवसांत मला त्याचाही राग यायचा. एकदा मी त्याच्या ताटलीतलं दूध म्हातारीला घातलं आणि मला बरं वाटलं.

मग एका संध्याकाळी, दिवस नुकताच मावळला होता, आबा अंगणात बाजेवर बसले होते आणि मी दोरीवरचे कपडे काढत होते. म्हातारी भुंकली नाही. ती सरपटत आली, शेपूट पोटात घातलं आणि आबांच्या बाजेखाली शिरून कण्हायला लागली. आबांनी समोर बघितलं, मीही बघितलं. बांधावरून वाघ चालला होता. घाई नाही, काही नाही, स्वतःच्या रानात पाणी धरायला निघाल्यासारखा. एकदा आमच्याकडं तोंड केलं आणि उसात शिरला.

आबा माझ्या खांद्याला धरून आत आले. तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "सूनबाई, तिला घ्या आत."

मला इतका आनंद झाला! मी दाराकडं धावले. म्हातारी आमच्या मागोमाग आलीच होती. उंबऱ्यापर्यंत. तिथं थांबली आणि बाहेर बसली.

मी म्हटलं, "ये." मुलगा म्हणाला, "ये, ये." साहेब आतून शेपूट हलवत उंबरा ओलांडून तिच्याकडं गेला, परत आत आला, जणू कसं यायचं ते दाखवत होता. ती आमच्याकडं बघत शेपूट हलवत राहिली, पण जागची हलेना. बाहेर वाघ, दार सताड उघडं आणि आम्ही सगळे हातवारे करत आतून बोंबलतोय. मी तव्यावरची पोळी आणली, अंडं आणलं. तिनं मान लांब करून अंडं घेतलं आणि परत मागं सरकून बसली. शेवटी मालकांनी तिला उचलून आत आणलं. खाली ठेवल्याबरोबर तिचे पाय फरशीवर फाकले, तिथंच मुतली, सुरी लावल्यासारखी किंचाळली आणि मालकांच्या हाताला ओरबाडून बाहेर पळाली.

"घ्या, आणखी घ्या आत," मालक मलाच म्हणाले.

आबा दारात आले. "ये," म्हणाले. मग, "ये की गं." एवढ्या मऊ आवाजात ते पोटच्या पोरांशी बोललेले मी ऐकलेलं नाही. म्हातारीची नजर त्यांच्या हातातल्या काठीवर. मी म्हणाले, "काठी ठेवा आधी." त्यांनी काठी आत कोपऱ्यात टेकवली, मोकळे हात तिला दाखवले. ती नाहीच आली. तिला कडब्याच्या खोलीत कोंडून बघितलं, तर दार चावून चावून सकाळी हिरड्यांतून रक्त. गाई बुजल्या त्या वेगळ्याच.

दुसऱ्या दिवशी आबांनी स्वतः कारेगावहून फॅब्रिकेशनवाला बोलावला. घर नको तर नको, दारापुढच्या पडवीलाच जाळी ठोकायची, मग पडवी आत आली, असा त्यांचा हिशेब. मला पटला. दिवसभर वेल्डिंग, ठोकाठोकी, त्या माणसांचा चहा. संध्याकाळी जाळीचं दार बसलं. भक्कम, वरून खालपर्यंत, खाली आडवी लोखंडी पट्टी. रोज ज्या पडवीत ती लोळायची तीच पडवी. मी तिला हाक मारली. ती आली, पट्टीचा वास घेतला आणि पट्टीच्या बाहेर बसली.

मी कपाळाला हात लावला. हसावं का रडावं कळेना.

फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "काकू, एवढीशी पट्टी हाय. तिला उडी मारता येत न्हाई व्हय?"

"येती की," मी म्हणाले. "पण तिला परवानगी न्हाई."

मी हे आबांना ऐकू जाईल अशा बेतानंच बोलले. एरवी ते फाडकन उत्तर देतात. या वेळी खाली वाकले. पट्टी हातानं चाचपली आणि त्या माणसाला म्हणाले, "कापा ती पट्टी."

"आबा, दार हलंल. खालनं जोर राहणार न्हाई."

"उभ्या बाजूंनी जोर द्या. पट्टी कापा."

ग्राइंडर लागला, ठिणग्या उडाल्या, साहेब बेडरूममध्ये जाऊन लपला. पट्टी निघाली. मी त्या जागेवरून झाडू मारला. आम्ही सगळे बाजूला झालो, कुणी हाक मारली नाही. म्हातारी बराच वेळ तिथं हुंगत राहिली. मग एक पाय आत टाकला, थांबली, दुसरा टाकला. पडवीत येऊन गोल फिरली आणि भिंतीकडेला अंग टाकलं. मालकांनी दार ओढून कडी लावली. मला एकदम भरून आलं. म्हटलं, सुटलो, आता वाघ येऊ दे नाहीतर त्याचा बाप येऊ दे.

आबांनी त्यांची बाज पडवीत घ्यायला लावली. मी जेवणाचं ताट तिथंच दिलं. त्यांनी भाकरीचा तुकडा दुधात बुडवला आणि म्हातारीपुढं धरला. स्वतःच्या हातानं त्यांनी तिला कधी घातलं नव्हतं, ते काम माझं. ती उठली, पाय ओढत जवळ आली, तुकडा अलगद घेतला. खाऊन झाल्यावर तिथंच उभी राहिली. आबांनी तिच्या डोक्यावरून फिरवायला हात उचलला.

ती पळाली नाही. पोट फरशीला लावलं, कान मागं पाडले, डोळे मिटले आणि वाट बघत राहिली.

आबांचा हात तसाच वर.

"मी न्हाई गं मारत," आबा म्हणाले.

इतकी वर्षं आबांना सुनवायचं म्हणून मी जे जे मनात साठवून ठेवलं होतं ते सगळं त्या वेळी माझ्या ओठांवर आलं होतं. पण त्यांच्या तोंडाकडं बघून त्यांची कीव आली, आणि कीव आली याचाच मला राग आला. मी पाण्याचा तांब्या घेऊन तशीच उभी राहिले. आबांनी हात खाली घेतला, मांडीखाली सारला आणि पुन्हा म्हणाले, "न्हाई मारत. बघ."

तिनं डोळे उघडले नाहीत.