पंधरा फुटांवरचा खांब

खांब मुळासकट उखडला, मुलगी त्याच्यासह खाली गेली आणि खांब तिच्या कानशिलावर बसला. आवाज फार मोठा झाला नाही. पाटा जमिनीवर टेकवताना होतो, तेवढाच. सोळा वर्षांची मुलगी. सूर मारलेला हात तसाच पुढे, डोळे अर्धे उघडे, कानातून रक्त. भोवतालच्या बायका ओरडायला लागल्या. मी धावले नाही. माझं बटण दाबून झालं होतं आणि मी फिल्म पुढे सरकवत होते. हे बरं की वाईट, ते मला कोणी विचारू नये.

स्ट्रेचर नव्हतं. खेळाडूंना बसायला अंथरलेल्या सतरंजीत घालून तिला रिक्षात ठेवलं आणि दवाखान्यात नेलं. सामन्याचे चिटणीस म्हणून मिरवणारे गृहस्थ तेव्हा उरलेला डाव पुढे खेळवायचा की नाही, यावर पंचांशी वाद घालत होते.

हे स्वारगेटमागच्या एका मैदानावर घडलं. मुलींचे खो-खोचे सामने होते. मी तिथे फोटो काढायला गेले होते, कारण आखूड चड्डी घातलेल्या मुलींपुढे पुरुष कॅमेरा घेऊन बसतात, अशी काही आयांनी तक्रार केली होती. सदाशिव पेठेत आमचा फोटो स्टुडिओ होता. यजमान मला म्हणाले, "अगं, तूच जा. माझ्यापेक्षा तुला खो-खो कळतो." त्यांनी आयुष्यात बोललेलं हे एक खरं वाक्य. मी चौथीपर्यंत शिकले आणि चौथीपर्यंतच खो-खो खेळले. दोन्ही एकाच दिवशी सुटलं.

यजमानांना लेन्स कळायच्या, खेळ कळायचा नाही. ते लेन्स फडक्याने पुसायचे, नळकांड्यात ठेवायचे, पुन्हा काढून पुसायचे. सामन्याला गेले की धावणाऱ्या मुलीच्या मागे फोकसची कडी फिरवत राहायचे. मुलगी डावीकडे, कडी उजवीकडे. घरी आल्यावर फिल्म धुतली की पुसट पाठी. मग दोष उजेडाचा, फिल्मचा, मुलीच्या पळण्याचा.

मी त्यांना एकदा सांगितलं, मुलीच्या मागे कशाला लागता, खांब धरून बसा. खो-खोत पाठलाग करणारीने एकदा दिशा घेतली की तिला मागे वळता येत नाही. खांबापर्यंत जावंच लागतं. पळणारीसुद्धा खांबाच्याच आडोशाने चकवते. म्हणजे जे काही व्हायचं ते बहुतेक वेळा खांबाशी होणार. चौथीतल्या पोरीला हे ठाऊक असतं. कॅमेरा गळ्यात अडकवलेल्या माणसाला ठाऊक नसतं.

म्हणून मी पन्नास मिलिमीटरची साधी, आखूड लेन्स लावायची. खांबापासून सहा पावलं मोजून बसायची. माझी सहा पावलं म्हणजे पंधरा फूट. कडी पंधरावर आणायची आणि वरून चिकटपट्टी लावून टाकायची, म्हणजे घाईत बोट लागून हलायला नको. भोकाचा आकडा आठावर. आकडा मोठा तितकं भोक लहान, आणि भोक लहान तितकी खांबाच्या पुढची-मागची हातभर जागा स्पष्ट. त्याची किंमत म्हणजे शटर सावकाश ठेवावं लागतं आणि जे जोरात हलतं ते पुसट येतं. ते मला चालायचं. दोन्ही गोष्टी एकदम मागणारे लोक मी पुष्कळ पाहिले. त्यांना एकही मिळत नाही.

त्या दिवशी माझ्या शेजारी वर्तमानपत्रांचे दोघे फोटोवाले होते. त्यांना कोणी हटकलं नव्हतं, छापून येणार म्हटल्यावर आयांच्या तक्रारीही निवतात. दोघांकडे दुधी भोपळ्याएवढ्या लांब लेन्स. एकाने माझ्या कॅमेऱ्याकडे पाहिलं.

"वहिनी, कॅमेऱ्याला लागलं का हो? पट्टी बांधलीय."

"नाही. तुमचा फिरून फिरून दमतो, माझा एका जागी बसतो."

"पण एवढ्याशा लेन्समध्ये चेहरा काय दिसणार?"

"मुलगी बघायला आलात की सामना बघायला?"

दुसरा हसला, पहिला लेन्स पुसायला लागला. त्यांच्या जातीला अपमान झाला की लेन्सवर धूळ दिसते.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. डाव सुरू होण्याआधी त्याच मुलीने खांबाला हात लावून पाहिला होता. ती चिटणिसांना म्हणाली, "सर, हा खांब हलतोय."

"खांब हलतोय की तू?" चिटणीस म्हणाले. आजूबाजूचे हसले. पुण्यात असं एखादं वाक्य टाकलं की काम केल्याचं समाधान मिळतं.

मी हे सहा पावलांवरून ऐकलं. गप्प बसले. खांब काढून पुन्हा पुरला असता तर मला पावलं पुन्हा मोजावी लागली असती, पट्टी काढावी लागली असती, आणि ऊन उतरत होतं. एवढंच कारण. दुसरं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रात लांब लेन्सचा फोटो आला. मुलीचा चेहरा इतका स्वच्छ, की भुवया मोजाव्यात. तोंड उघडं, डोळे मिटलेले. फोटो कमरेपर्यंतच. कमरेखालचं जग त्या लेन्सला दिसत नव्हतं. खाली लिहिलं होतं की खेळताना मुलीला भोवळ आली. मिटलेले डोळे पाहून वाचणाऱ्याला ते पटलंही असेल. माणूस जोरात सूर मारताना डोळे मिटतो, हे सूर न मारणाऱ्यांना कोण सांगणार?

दुपारपर्यंत माझी फिल्म धुऊन वाळली. यजमानांनी ती उजेडाकडे धरली.

"हा वाया गेला गं. चेहरा सगळा फरफटलाय."

"अहो, खाली बघा."

"खाली काय? खांब."

"खांबाचं बूड बघा."

मुलीचे दोन्ही पाय अजून हवेत होते, हाताने खांब धरला होता, आणि खांब जमिनीतून बाहेर निघालेला. बूड स्वच्छ दिसत होतं. मातीचा डाग जेमतेम वीतभर. त्याच्या वर कोरडं लाकूड. खड्डा खणताना खाली मुरूम लागला असणार आणि खणणाऱ्यांनी तिथेच हात झटकले असणार. यजमानांनी फिल्म आणखी उजेडाजवळ नेली. मग म्हणाले, "चिटणिसांशी आपले संबंध चांगले आहेत." मी त्यांच्या हातून फिल्म काढून घेतली आणि फोटो मोठा करून छापला.

तिसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. मुलगी अजून बेशुद्ध होती. तिची आई मंडईबाहेर ताडपत्रीखाली भाजी विकायची. ती खाटेशी जमिनीवर बसली होती आणि चिटणीस तिच्यापुढे एक कागद आणि शाईचं पॅड घेऊन उभे होते. कागदावर लिहिलं होतं की मुलीला सोमवारचा उपास होता, तो घरच्यांनी कळवला नाही आणि त्यामुळे तिला भोवळ येऊन अपघात झाला. खाली अंगठ्याची जागा मोकळी.

"उपास होता की नव्हता?" चिटणीस विचारत होते. "खोटं लिहायला सांगत नाही मी, मावशी."

"होता," बाई म्हणाली. "मीच धरायला लावला. माझंच चुकलं." आणि तिने अंगठा पुढे केला.

मी फोटो तिच्या मांडीवर ठेवला. "आधी हे बघा. मग द्या अंगठा."

तिने फोटो डोळ्यांजवळ नेला. पोरीच्या फरफटलेल्या चेहऱ्यावरून तिची नजर खाली गेली आणि बुडाशी थांबली. तिने बोटांनी मातीचा डाग आणि पोरीचा पंजा ताडून पाहिला, मग चिटणिसांकडे वर बघितलं.

"एवढाच पुरला व्हता?"

"फोटोत अंदाज येत नाही," चिटणीस म्हणाले.

"मला येतो. माझ्या ताडपत्रीची काठी याच्यापेक्षा खोल हाय. आन् तिला कोणी मिठी मारत नाय."

चिटणीस माझ्याकडे वळले. "वहिनी, यात चेहरासुद्धा धड नाही. ही तीच मुलगी कशावरून?"

"चेहरा कालच्या पेपरात आहे, तो घ्या. मी खांबाचा काढलाय."

"आपण शिकलेल्या लोकांत वावरता, जरा विचार करा."

"वावरते म्हणूनच केला."

बाईने शाईच्या पॅडचं झाकण लावलं, कागदाची घडी घातली आणि दोन्ही त्यांच्या हातात दिलं. मोठ्याने बोलली नाही. "पोर उपाशी व्हती म्हणून खांब निघाला का?" एवढंच विचारलं. चिटणिसांनी कागद आणि पॅड पिशवीत टाकलं आणि ते निघाले.

त्या दोघा फोटोवाल्यांपैकी एक पुढे आमच्या स्टुडिओत आला होता, ती फिल्म बघायला मिळेल का विचारायला. मी त्याला विचारलं, तुझ्या लेन्सला का नाही दिसलं? म्हणाला, जागा चुकली. जागा चुकली नव्हती. माझ्या शेजारीच होता.

हल्लीचे कॅमेरे आपोआप चेहरा शोधतात म्हणे. चौकोन येतो आणि तोंडावर जाऊन बसतो. नातीने मला दाखवलं, फार कौतुकाने. मी म्हटलं, म्हणजे त्या दोघांची अक्कल यंत्रात भरली. एका सेकंदात वीस फोटो काढतात आणि वीसही फोटोंत मुलगी कशावर उभी आहे ते दिसत नाही.

मी दवाखान्यात रोज गेले नाही. जायला तोंडही नव्हतं. हलणाऱ्या खांबाबद्दल मी ऐकलं होतं, हे त्या आईला सांगितलं ते पाचव्या दिवशी. ती म्हणाली, "मग बोलायचं व्हतं." मी हो म्हटलं. तिने पाणी प्यायला दिलं नाही आणि मला ते बरोबर वाटलं.

सहाव्या दिवशी मुलीने डोळे उघडले. डाव्या कानाने तिला पुन्हा कधी ऐकू आलं नाही आणि ती पुन्हा खेळली नाही. पण ती जगली.