दाराबाहेरच्याची साक्ष

“नात झाली तेव्हा बाबांनी तिचा एक फोटोसुद्धा उघडून पाहिला नाही. दादाने तिच्यासाठी एवढी वेबसाइट केली, पण यांना यांचा ताठा मोठा.”

हे वाक्य माझ्या मुलीचे. ती पुण्यास असते. घरातील कोणतेही कार्य असो, जेवणे आटोपून माणसे सैलावली की ती हे सांगते, आणि मी तेथेच बसलेलो असतो. ऐकणारे माझ्याकडे पाहून हसतात. माझा मुलगा हजर असला तर तोही दुजोरा देतो. वेबसाइट त्याने केलेली, म्हणून त्याचा शब्द पुरावा ठरतो. माझी बाजू आजवर कुणी विचारलेली नाही. न विचारता ती येथे मांडतो.

मी वजनमापे खात्यात निरीक्षक होतो. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेला लोहचुंबक शोधून काढण्यात माझे आयुष्य गेले. निवृत्तीनंतर लालबागची खोली विकून आम्ही दोघे मीरा रोडला, सिल्व्हर पार्कमध्ये राहायला आलो. तेथे पत्नी वारली. मुलगा अमेरिकेहून आला, दिवसकार्य करून परत गेला. पुढच्या वर्षी त्याला मुलगी होणार असे कळले, तेव्हा त्याने फोनवर सांगितले, “बाबा, काँप्युटर घ्या. मी साइट करतोय. रोज नवे फोटो टाकीन, म्हणजे ती तुमच्यासमोरच वाढेल.”

एवढेच मला हवे होते. इतर कोणतीही अपेक्षा मी त्या यंत्राकडून ठेवली नव्हती.

भाईंदरला केबिन रोडवरच्या एका दुकानात मी काँप्युटर जुळवून घेतला. दुकानदार गुजराती, बोलायला गोड. त्याने प्रत्येक भागाची किंमत लिहून दिली, पण ज्या सिस्टमवर यंत्र चालते तिची किंमत कोठेच नव्हती. मी विचारले. तो म्हणाला, “अंकल, वो तो हम ऐसे ही डाल के देते हैं.” मी तिचे बिल मागितले. त्याने शेजारच्या गिऱ्हाइकाकडे पाहून डोळे मिचकावले.

“पूरे मीरा रोड में किसी के पास बिल नहीं है, अंकल.”

“तो फिर मैं अकेला सही,” मी म्हणालो.

ज्या मालाचे बिल नाही तो माल मी जन्मभर जप्त केला होता. तो आता स्वतःच्या घरात आणून बसवावा हे मला शक्य नव्हते. विकतची सिस्टम मागवतो, असे दुकानदार म्हणाला, पण ती माझ्या निवृत्तिवेतनाला झेपणारी नव्हती. एका मासिकाबरोबर अशा एका सिस्टमची सीडी आली होती, जी करणाऱ्यांनीच सर्वांसाठी मोकळी ठेवली होती. तीच घालून दे, असे मी त्याला बजावले. त्याने कुरकुरत घातली आणि वर ऐकवले, “बाद में मत बोलना.” त्या सिस्टमचा ब्राउझर निराळा होता. इमारतीतील केबलवाल्याने गच्चीवरून वायर सोडून इंटरनेट दिले. बातम्या दिसत, टपाल येत-जात असे. माझे काहीही अडत नव्हते.

नात झाली. मुलाने साइटचा पत्ता आणि पासवर्ड कळवला, आणि सायबर कॅफेत कधीही उघडू नका, तेथे पासवर्ड चोरीस जातात, अशी ताकीदही दिली. ती मी पाळली. हे सांगणे भाग आहे, कारण “मग कॅफेत का नाही गेलात?” असे विचारणाऱ्यांत आज माझा मुलगाही असतो.

मी अंघोळ उरकून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसलो. पत्ता टंकला. जे पान उघडले त्यावर इंग्रजीत सूचना होती: आपला ब्राउझर या साइटवर चालत नाही, योग्य ब्राउझर घेऊन पुन्हा यावे. पासवर्ड विचारण्यापर्यंतही गोष्ट गेली नाही. सूचनेखाली एक छायाचित्र होते. त्याविषयी आत्ता काही सांगत नाही, शेवटी सांगेन.

त्या रविवारी मुलाचा फोन आला तेव्हा मी हे त्याच्या कानावर घातले.

“पाच मिनिटांचं काम आहे, बाबा. सगळे वापरतात ती सिस्टम टाकून घ्या.”

“ती चोरीची आहे.”

“बाबा, तुम्ही रिटायर झालात.”

“मी झालो. वजन-माप होत नसते.”

तो हसला नाही. मग मी त्यास विचारले की, तुझ्या साइटने माणसे का निवडावीत? तो म्हणाला की, प्रत्येक ब्राउझरसाठी वेगळे तपासत बसायला त्याला वेळ नव्हता, मूल रात्री झोपू देत नव्हते, आणि घरातील सगळेजण तोच एक ब्राउझर वापरत होते.

“आणि मी?”

फोन सूनबाईने घेतला. ती समंजस आहे. तिने विषय काढलाच नाही. “ऐका हं बाबा,” एवढे म्हणून तिने रिसीव्हर बाळाजवळ धरला. पलीकडे काही वेळ नुसता श्वास ऐकू येत होता.

त्यानंतर मी तक्रार केली नाही. एकदा सांगितलेली गोष्ट पुन्हा सांगणे म्हणजे याचना, असे मी मानतो. त्याने समज करून घेतला की, बाबांनी काहीतरी व्यवस्था केली असेल किंवा त्यांना पाहायचे नसेल. प्रत्यक्षात काय होत होते? रोज सकाळी चहाचा पेला टेबलावर ठेवून मी तो पत्ता टंकत असे. मुलाने आज कदाचित बदल केला असेल, ही शक्यता मी एकाही दिवशी नाकारली नाही. तेच पान येई. मी ते पाहत बसे, चहा संपवी आणि यंत्रावर कापड टाकी. शेजारच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे पाहा ना, लाजताय काय? त्यांचा हेतू चांगला होता. पण स्वतःच्या नातीचे तोंड पाहण्यासाठी शेजाऱ्याच्या दारात उभे राहायचे, तर मग मुलाने साइट कोणासाठी केली होती? पुढे ओळखीच्या कुणाबरोबर काही फोटो आले, तेव्हा नात चालू लागली होती. तिचे रांगणे घरातील सर्वांनी पाहिले. मी पाहिले नाही. तेवढे मुलीच्या कथनात खरे आहे.

खोटे आहे ते ‘उघडून पाहिले नाही’ हे. त्यासाठी मुलगा दाखला देतो की, आत कोण आले हे साइट टिपून ठेवत असे आणि त्यात बाबांचे नाव एकदाही नाही. बरोबर आहे. तराजू पारड्यात पडलेलेच वजन दाखवतो. पारड्यापर्यंत पोहोचू न दिलेल्याचे नाही. दारावरून परत गेलेल्याची नोंद कोणी ठेवत नाही.

मागील दिवाळीत पुण्यास पुन्हा हीच कथा निघाली. मी सर्वांना शांतपणे विचारले की, त्या साइटवर मनाईचे एक पान होते, त्यावर कशाचे चित्र होते ते सांगा. मुलगी म्हणाली, “काहीतरीच, बाबा. असं पान नव्हतंच.” जावई, सूनबाई, कुणालाच ठाऊक नव्हते, ते सारे सरळ आत गेलेले. मुलगा मात्र ताटाकडे पाहू लागला.

ते चित्र सिल्व्हर पार्कमधील माझ्या घराच्या बंद दाराचे होते. दिवसकार्य आटोपून निघताना मुलाने ते बाहेरून टिपले होते, आणि दारावर त्याच्या आईने ओवलेले मण्यांचे तोरण होते, ज्याची डावीकडची तुटलेली लड तिने काळ्या दोऱ्याने बांधलेली आहे.