उन्हात ठेवलेले सेल

हिर्डोशीच्या पुढे, वरंधा घाटाच्या अंगाला असलेल्या एका वाडीत आम्ही एकदा भर दुपारी सगळ्यांना गप्प बसवलं होतं. कोंबड्या डालग्याखाली झाकल्या, कुत्रं गोठ्यात बांधलं, पोरांना नाचणीच्या खळ्याकडे पिटाळलं. म्हातारी माणसं दाराच्या आत पदर, उपरणं तोंडाला लावून बसली, कुणाला खोकला आला तर काय घ्या. एवढी माणसं घरात असून वाडी ओस पडल्यासारखी दिसत होती. हे सगळं माझ्या सांगण्यावरून चाललं होतं आणि मला त्याचा फार रुबाब वाटत होता.

मी तेव्हा भोरच्या शाळेत चित्रकला शिकवायचो. सत्तरीचं दशक अर्धं उलटलं होतं आणि माझ्या डोक्यात सिनेमा काढायचं खूळ शिरलं होतं. मोठा नाही, दहा मिनिटांचा. गावोगाव पिठाच्या गिरण्या येत होत्या, तेव्हा जात्यावरची एक बाई आणि तिच्या ओव्या फिल्मवर धरून ठेवाव्यात एवढाच बेत होता. पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाकडे दोन कॅमेरे होते. एक बॅटरीवर चालणारा, आवाज न करणारा, पण पेटीसकट उचलायला दोन माणसं लागणारा. दुसरा किल्लीचा. घड्याळासारखी किल्ली पिळायची, की अर्ध्या मिनिटाच्या आत त्याचा दम सरायचा, आणि चालताना भुंगा कानात शिरल्यासारखा घोंगावायचा. एसटी सोडल्यावर पुढे पायीच जायचं होतं, म्हणून मी किल्लीचा घेतला.

आवाजाची बाजू माझ्या मित्राकडे होती. भोरमध्ये त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. घरी दर्ग्याच्या उरुसातल्या कव्वाल्या टेप करून ठेवायचा नाद, त्यामुळे जुना स्पूलचा टेपरेकॉर्डर त्याच्याजवळ होता. टॉर्चचे मोठे सहा सेल घातले की तो विजेशिवाय चालायचा. कॅमेऱ्याचा भुंगा टेपवर येऊ नये म्हणून आम्ही ठरवलं, की आधी नुसता आवाज घ्यायचा आणि मग नुसतं चित्र, दोन्ही पुढे पुण्यात जोडू.

ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशी पंचेचाळीसच्या असतील. आवाज घोगरा, पण खणखणीत. पहिल्या संध्याकाळी अख्ख्या वाडीनं टेपमध्ये बोलून आपापला आवाज ऐकला आणि सेल उतरले. सकाळी मित्र म्हणाला, "मास्तर, नवे सेल घालूया." नवे सेल सहाच होते. परतीच्या वाटेवर मला पाणवठ्यावरचे आवाज घ्यायचे होते, म्हणून मी नको म्हणालो.

मावशींच्या मालकांनी आमचं बोलणं ऐकलं. ते म्हणाले, "उन्हात ठिवा की. तापलं म्हंजी पुन्यांदा जीव येतो त्यांच्यात. माझी बॅटरी आशीच चालती." आणि आमचे सहा सेल त्यांनी अंगणातल्या पत्र्यावर मांडलेसुद्धा. मित्रानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, चालेल. मी हट्टी आहे, आणि त्या वयात मला हट्टाचा अभिमानही होता.

सेल तापेपर्यंत मालक माझ्याजवळ बसले होते. ते हळूच म्हणाले, "मास्तर, ती गाताना मधीच थांबली तर काय बोलू नगा." मग त्यांनी सांगितलं. त्यांची एक मुलगी होती, दहा वर्षांची. दोन वर्षांपूर्वी भादव्यात तिला ताप आला. घोंगडीच्या झोळीत घालून भोरला न्यायला निघाले. रस्त्यावर एसटीची वाट पाहत बसले आणि तिथंच ती गेली. मायलेकी जात्यावर समोरासमोर बसायच्या, एकाच खुंट्याला दोघींचे हात. पहिली ओळ आई म्हणायची, दुसरी पोर घ्यायची. "आजूनबी ती पयली वळ म्हनती आन जरा थांबती," मालक म्हणाले. "मग दुसरी आपनच म्हनती."

आतल्या अंधारात चित्र निघणार नव्हतं, म्हणून जातं अंगणात आणलं. मावशींना ते पटलं नव्हतं. "दुपारचं कोन गातं व्हय जात्यावर? हे पाटंचं काम," त्या म्हणाल्या, पण बसल्या. समोरची जागा रिकामी. मित्रानं काठीला मायक्रोफोन बांधून त्यांच्या डोक्यावर धरला, मी तापलेले सेल घालून टेपचं बटण दाबलं. मावशींनी डोळे मिटले.

"घाटाच्या वळणाला कुणाची गं सावली..."

इथं त्या थांबल्या. जातं फिरत होतं, पीठ पडत होतं. त्या गप्प वाडीत ऊन एवढं लख्ख होतं, की समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहायचं मला धाडस होईना. मग त्यांनीच दुसरी ओळ घेतली.

"लेकीच्या भेटीला गं तिची माउली धावली."

आठ-दहा ओव्या झाल्या. मागाहून कॅमेऱ्यानं चित्र घेतलं, अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या तुकड्यांत. चार वाजता चहा झाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "आमाला ऐकवा की आता." रीळ उलटं गुंडाळणं सेल फार खातं, तेव्हा मित्रानं मला न विचारता उन्हातले सेल काढून नवे घातले. रीळ मागे नेलं आणि लावलं.

टेपमधून एक लहान मुलगी गाऊ लागली.

बारीक, कोवळा, थोडा घाईचा आवाज. जात्याची घरघरसुद्धा इवलीशी, भातुकलीतलं जातं फिरवावं तशी. पहिली ओळ, मग थांबणं, मग दुसरी ओळ. अंगणात जमलेली माणसं एकमेकांना धरून मागे सरकली. कुणीतरी हात जोडले.

मावशी मागे सरकल्या नाहीत. त्या टेपरेकॉर्डरच्या अगदी जवळ गेल्या, गुडघ्यावर बसल्या आणि झाकणावर हात ठेवला, तापल्या कपाळावर ठेवावा तसा. "माजी पोर हाय," त्या म्हणाल्या. आवाजात रडणं नव्हतं. "आवं, हितं बगा. दुसरी वळ तीच म्हनतीया. जातंबी तिचंच हाय, भातुकलीचं." मालक उठून आत गेले आणि कोनाड्यातून पाथरवटानं घडवलेलं वीतभर जातं घेऊन आले. ते त्यांनी टेपच्या शेजारी ठेवलं. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मला मात्र एव्हाना उलगडा झाला होता, आणि तिथंच माती खाल्ली. उन्हात तापवून सेलमध्ये जीव आला नव्हता. त्यामुळे आवाज घेताना टेप हळू चालली होती, आम्हाला कळलं नव्हतं. आता नव्या सेलांवर ती नीट वेगानं धावत होती, म्हणून मावशींचाच आवाज चढून बारीक झाला होता. साधी गोष्ट होती. ती कळल्याचा मला आनंद झाला, हे लिहायला आज लाज वाटते, पण झाला. शिवाय भ्यालेल्या माणसांपुढे शहाणपण दाखवायची आयती संधी होती.

मित्राला माझ्याआधी कळलं असणार. त्यानं माझा दंड धरला. "मास्तर, ऱ्हाऊ द्या," तो पुटपुटला.

मी राहू दिलं नाही. मी मावशींना समजावून सांगितलं, शाळेत सांगतो तसं. त्यांना पटेना, तेव्हा मी नवे सेल काढले आणि पत्र्यावरचे घातले. टेप रखडत चालली. त्यातून मावशींचा घोगरा, ओळखीचा आवाज आला, आणि खऱ्या जात्याची घरघर.

लोक सैल झाले. एक-दोघं हसलेही. मावशी डोकं तिरकं करून ऐकत राहिल्या. ओवी संपली तेव्हा म्हणाल्या, "व्हय. ह्यो माजा आवाज." मग म्हणाल्या, "आता ते नवं घाला परत."

मी घातले. पुन्हा ती मुलगी गाऊ लागली, पहिल्याइतकीच कोवळी. मावशींनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो आणि मला कळत होतं, की त्या शोधतायत. पार शेवटच्या ओवीपर्यंत त्या शोधत होत्या.

रीळ संपलं, टेपचं सुटं टोक फटफट वाजत राहिलं. "न्हाई," त्या म्हणाल्या. "आता मीच हाय. पोर न्हाई ह्यात."

त्यांनी ते वीतभर जातं उचललं, पदरानं पुसलं आणि आत नेलं. रात्री आमच्या पानात गरम भाकरी पडली, लोणी पडलं. सकाळी उतरणीवर मित्र एवढंच म्हणाला, "तुमाला काय गरज व्हती?" पाणवठ्यावरचे आवाज घ्यायचे होते, ते मी घेतले नाहीत. नवे सेल पिशवीत तसेच राहिले.

पुढच्या हिवाळ्यात मी एकटाच त्या वाडीवर गेलो. काय सांगायला, ते धड ठरवलं नव्हतं. माझं चुकलं, एवढं तरी म्हणणार होतो. मावशी घरी नव्हत्या. जातं भिंतीला उभं करून ठेवलेलं होतं. मालक म्हणाले, "ती बसत न्हाई आता त्याच्याव. दळन डोक्याव घिऊन खाली गिरनीला जाती. लई लांब पडतं, पर जाती." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मावशी यायच्या आत मी निघालो.

सिनेमा मी आवाजाशिवायच जोडला. दोनदा दाखवला. पडद्यावर मावशींचे ओठ हलतात, मग थांबतात, समोर रिकामी जागा, मग पुन्हा हलतात. दोन्ही वेळा बघणारी माणसं अवघडून खाली पाहू लागली. तिसऱ्यांदा मी तो दाखवला नाही.

रीळ माझ्याजवळ आहे. आमच्या मित्रानं दुकान बंद केलं तेव्हा स्वतःहून आणून दिलं. पुढे माझ्याकडे विजेवर चालणारा चांगला टेपरेकॉर्डर आला, आणि मग माझ्या लक्षात आलं, की नीट चालणाऱ्या कुठल्याही यंत्रावर ते रीळ लावलं तर मुलगीच गाणार. आईचा आवाज ऐकायचा असेल तर उतरलेले सेल शोधून आणावे लागतील. बरीच वर्षं मी ते लावलं नाही. एकदा दुपारी घरात कुणी नसताना लावलं.

सेलांचं, वेगाचं सगळं मला पाठ होतं. मीच तर ते सगळ्यांना समजावलं होतं. तरी पहिली ओळ झाली, मधला थांबा आला, आणि दुसरी ओळ त्या पोरीनं घेतली. अगदी स्पष्ट. मी खुर्चीतून उठून दार उघडलं आणि बाहेर पाहिलं, कुणाला बोलवावं म्हणून. ऐकायला पाहिजे होतं ते एकाच माणसानं, मावशींनी, आणि त्यांना मी ते ऐकू येणं बंद केलं होतं.