टाळ्यांवर निकाल

आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सध्या एकच वाद चालतो. सगळ्यात भारी रॅपर कोण? माझ्या टेबलावर एक पुण्याचा असतो, एक मुंबईहून बदली होऊन आलेली असते आणि एक मनमाडचा, जो रोज रेल्वेने ये-जा करतो आणि गाडी लेट झाली की जरा जास्तच भांडतो. मुंबईवाली म्हणते, रॅप आमच्या वस्त्यांतून आला, बाकीच्यांनी फक्त नक्कल केली. पुण्याचा म्हणतो, तुमच्याकडे नुसता ठेका, शब्द आमच्याकडे. मनमाडवाला दोघांनाही म्हणतो, तुम्ही जंक्शनवर वाढलेला माणूस ऐकलाच नाही. मी डबा खात ऐकते. कोण कुठे वाढला एवढं कळलं की त्याचा आवडता रॅपर मी सांगू शकते. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. गाणं ऐकतो कोण? सगळे पिनकोड ऐकतात.

परवा मात्र पुण्याचा भाजीत चपाती बुडवता बुडवता म्हणाला, "एक आहे बरं का. तुमच्या नाशिकचा तो अहिराणीवाला. मानलं त्याला." मुंबईवालीनेही मान डोलावली. मनमाडवाल्याने अशी छाती फुगवली, जणू त्याचं बारसं यानेच केलं होतं. माझ्या पोटात दुखायला लागलं. भाजी चांगली होती. हे दुखणं जुनं आहे.

कारण रॅप मीही करायचे, आणि चांगलं करायचे. हे मलाच सांगावं लागतं, दुसरं कोणी सांगत नाही, पण खोटं नाही. नाशिक रोडला आमची कॉलनी आहे, कॉलनीत विहार, विहारासमोर मैदान आणि मैदानाला एक बुटकी भिंत. दर रविवारी संध्याकाळी त्या भिंतीपाशी जिल्ह्यातली पोरं गोल करून उभी राहायची. देवळालीची यायची, पंचवटीची यायची, दिंडोरीची तीन-चार जणं एका पिकअपमधून यायची आणि त्यांच्या शर्टांना द्राक्षांवर मारलेल्या औषधाचा वास असायचा. मुलगी मी एकटी. नियम एकच होता. सुरू करण्याआधी आपल्या भागाचं नाव मोठ्याने घ्यायचं, मग त्या भागाच्या लोकांनी तेच नाव ओरडून परत द्यायचं. मी "नाशिक रोड" म्हटलं की भिंतीवरची सगळी पोरं, गॅलऱ्यांमधल्या काकू, विहाराच्या पायरीवरचे निवृत्त काका, सगळे ओरडायचे. मला त्याची सवय लागली होती. अजून कधी कधी आंघोळ करताना मी ते ऐकते.

फक्त आमच्या गॅलरीतून आवाज यायचा नाही. आमची गॅलरी बरोबर भिंतीच्या वर, पहिल्या मजल्यावर. आई तिथे कपडे वाळत घालायची, काढायची, घड्या घालायची. माझं संपलं की खाली वाकून विचारायची, "झालं का गं? मग ये जेवायला." चांगलं होतं, वाईट होतं, काही नाही. मी त्या गॅलरीसाठीच रॅप करत होते म्हटलं तरी चालेल. सगळ्या कॉलनीने ओरडावं आणि आईने एकदा तरी हातातला कपडा खाली ठेवावा, एवढीच माझी इच्छा होती.

मग तो आला. समोरच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर खोली भाड्याने घेऊन राहणारा, इन्व्हर्टरच्या दुकानात काम करणारा, डोक्याला चप्प तेल लावलेला. पहिल्याच रविवारी गोलात आला आणि म्हणाला, "नामपूर!" कोणी उत्तर दिलं नाही. कोण देणार? भिंतीवरून एक जण म्हणाला, "हे कुठं आलं बाबा?" दुसरा म्हणाला, "सटाण्याच्याही पुढं. कांद्याची बाजारपेठ." सगळे हसले. मीही हसले. तो मात्र जराही लाजला नाही. त्याने डोळे मिटले आणि सुरू केलं.

त्याने कांद्याचा लिलाव म्हटला. ट्रॅक्टरच्या रांगेतून व्यापारी कसे भराभर पुढे सरकतात, मूठभर कांदे हातात घेऊन कसे दाबून बघतात, बोली चढते तशी बोलणाऱ्याची जीभ कशी धावते, आणि ज्याचा माल आहे तो ट्रॉलीला टेकून एक शब्द न बोलता कसा उभा असतो. सगळं अहिराणीत. मला निम्मं कळलं. पण ताल त्याने कुठल्या व्हिडिओतून उचललेला नव्हता, हे मला पहिल्या चार ओळींत कळलं आणि तिथेच माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आम्ही सगळे दुसऱ्याचा ठेका आणून त्यात आपले शब्द कोंबत होतो. हा ठेका घरून घेऊन आला होता.

वर बघितलं तर गॅलरीत आई नव्हती. दोरीवर अर्धे कपडे तसेच होते. ती जिन्यावरून खाली आली, गोलाच्या कडेला उभी राहिली आणि त्याचं संपल्यावर मी आयुष्यात कधी न ऐकलेल्या आवाजात म्हणाली, "तू कोना आंडोर रे?"

आंडोर म्हणजे मुलगा. तू कुणाचा मुलगा, असं ती विचारत होती.

तो एकदम उजळला. "मावशी, तुम्ही आमनाकडना शेतस का?"

"मनं माहेर नामपूर जोडेच शे," आई म्हणाली आणि हसली. दात दाखवून हसली. आमच्याकडे फोटोतसुद्धा ती असं हसत नाही.

आईचं माहेर तिकडचं आहे हे मला माहीत होतं, जसं आपला रक्तगट माहीत असतो. लग्न होऊन नाशिक रोडला आली तेव्हा माझ्या आत्यांनी तिच्या बोलण्याची इतकी नक्कल केली, की तिने ते बोलणंच बंद केलं, हे मला पुढे कळलं. आमच्याशी ती पहिल्यापासून शुद्ध शहरी मराठीत बोलली. मामाचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायची. मला वाटायचं, आत रेंज नसेल.

त्या दिवसापासून तो आमच्याकडे चहाला यायला लागला, चहावरून जेवणावर गेला. आईने त्याच्यासाठी कळण्याची भाकरी केली, ज्वारी-उडदाची, काळपट, वर ठेचा आणि कच्चं तेल. मी म्हटलं, "आम्हाला तर कधी केली नाहीस." ती म्हणाली, "तुम्हाला कुठे आवडते?" आम्ही ती खाल्लीच नव्हती, तर आवडणार कुठून? मी एक तुकडा तोडला. आवडली. त्यामुळे राग आणखीच वाढला.

ते दोघं बोलत बसायचे. कुणाची विहीर, कुणाची कांद्याची चाळ, कुठल्या आत्याचा कुठला दीर. आई लहानपणी आजोबांबरोबर ट्रॉलीत कांद्यांवर बसून बाजारात जायची, हे मला त्याच्याकडून कळलं. मध्येच दोघं खो खो हसायचे. मी विचारायचे, "काय झालं?" आई डोळे पुसत म्हणायची, "काही नाही गं, सांगून त्यात मजा नाही." हे वाक्य मला अजून टोचतं. मी तिची एकुलती एक मुलगी, आणि तिच्या हसण्याचं तिकीट दुसऱ्याच्या खिशात.

आणि तो वाईट असता तर सोपं झालं असतं. तो मला ताई म्हणायचा. नवीन काही लिहिलं की आधी मला ऐकवायचा. मी "छान आहे" म्हणायचे, दारावर आलेल्याला उरलेली पोळी द्यावी तसं.

एकदा मीही अहिराणीत लिहिलं. मामाच्या मुलीला फोन करून शब्द विचारले, चांगले आठ दिवस घासलं आणि स्वयंपाकघरात आईसमोर म्हणून दाखवलं. ती लाटणं हातात धरून ऐकत होती. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलायला लागले, पाचव्या ओळीला ती ओट्याला टेकून हसत होती. "अगं, सीरियलमधल्या नोकरासारखं वाटतंय," ती म्हणाली. "त्याला दाखव, तो नीट करून देईल." मी तो कागद फाडला नाही, एवढा मोठेपणा माझ्यात होता. त्याला दाखवलाही नाही.

भिंतीवर तोवर नवा वाद सुरू झाला होता. नाशिकमध्ये एक नंबर कोण? पंचवटीवाले म्हणत पंचवटी, दिंडोरीवाले म्हणत दिंडोरी आणि आमची कॉलनी म्हणे, अर्थात आपली ताई. त्याचं नाव कोणी घेत नव्हतं. गोल संपला की तीच पोरं त्याच्या ओळी गुणगुणत घरी जायची, पण वादात नाव नाही. त्याची बाजू घेणारं कोणी भिंतीवर बसलेलंच नव्हतं. मला हे दिसत होतं आणि बरं वाटत होतं. एकदा कोणीतरी वर बघून विचारलं, "काकू, तुम्ही सांगा, भारी कोण?" आई म्हणाली, "मला काय कळतं त्यातलं." मी ती रात्र चांगली झोपले.

एप्रिलमध्ये जयंतीचा आठवडा आला. दरवर्षी गाण्यांची स्पर्धा असते, त्या वर्षी पोरांच्या हट्टाने रॅपचीही ठेवली. आमच्या समितीचे सचिव काका परीक्षक नेमत नाहीत. पूर्वी नेमायचे, पण मग परीक्षक कुणाचा पाहुणा यावरून दोन-दोन वर्षं अबोला चालायचा. म्हणून निकाल टाळ्यांवर. स्पर्धकाचं नाव घ्यायचं, लोकांनी दणकवायचं, काका डोळे मिटून ऐकणार आणि सांगणार. त्यांच्या कानाला कॉलनीत कोणी आव्हान देत नाही. त्यामुळे स्पर्धा गाण्याची कमी आणि माणसं आणण्याची जास्त असते. देवळालीवाल्यांनी टेम्पो केला होता. दिंडोरीवाल्यांचे दोन पिकअप आले. नामपूरहून कोण येणार? उन्हाळी कांदा काढायचे दिवस, तिकडे प्रत्येक हात शेतात.

बाकीच्यांचं म्हणून झालं, शेवटी राहिलो आम्ही दोघं. मी माझं सगळ्यात चांगलं म्हटलं, एकही ओळ अडखळली नाही. त्याने एक नवीनच म्हटलं. सासरी गेलेल्या बहिणीची गोष्ट, जिची बोली सासरच्या उंबऱ्याबाहेर चपलांसारखी काढून ठेवायला लावली. पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत आई बसली होती, शेजारी पप्पा. त्याने कुणाची गोष्ट सांगितली हे मला कळलं. मला ती कधी सुचली नव्हती. सुचणार कशी, मला ती कोणी सांगितलीच नव्हती, आणि मीही कधी विचारली नव्हती.

बाकीच्यांच्या टाळ्या झाल्या, मग काकांनी माझं नाव घेतलं. कॉलनीने मैदान डोक्यावर घेतलं. ताटं वाजली, शिट्ट्या झाल्या, पंचवटीवालेसुद्धा शेजारधर्म म्हणून ओरडले. मी फक्त आईकडे बघत होते. ती टाळ्या वाजवत होती. नीट, पदर सावरून, शाळेच्या बक्षीस समारंभात पालक वाजवतात तशा.

मग काकांनी त्याचं नाव घेतलं. इकडून तिकडून चार टाळ्या पडल्या आणि विझल्या. त्या शांततेत आई उठून उभी राहिली. दोन्ही हात वर करून, घसा फोडून ओरडली, "शाब्बास रे मना आंडोर!" सगळं मैदान वळलं. पप्पा तिचा पदर ओढत होते. ती बसली नाही. पुन्हा ओरडली, गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं. लोक हसले, पण त्याचीच आई असावी तशी ती एकटी ओरडत राहिली.

काकांनी डोळे उघडले आणि मला विजेती घोषित केलं. नियमाप्रमाणे बरोबरच होतं. तो सगळ्यात आधी येऊन माझ्या पाया पडला, आणि मला त्याला लाथ मारावीशी वाटली.

रात्री मी आईशी बोलले नाही. सकाळी ती गॅलरीत मेथी निवडत बसली होती. मी चहाचा कप घेऊन दाराशी उभी राहिले. माझ्याकडे एक उत्तर तयार होतं आणि तिने फक्त त्याला हो म्हणायचं होतं. पुण्याचा पुण्याला देतो, दिंडोरी दिंडोरीला देते, मग माहेर माहेराला देणारच. त्यात माझा काय अपमान? असं झालं असतं तर मी जिंकलेलीच होते.

"माहेरचा म्हणून ओरडलीस ना काल?" मी विचारलं.

तिने एक काडी मोडली, पानं वेगळी केली. "आधी मलाही तसंच वाटलं," ती म्हणाली. "पण नाही गं. तो आपल्या इथला असता तरी उठले असते. फार चांगलं होतं ते."

"आणि मला टाळ्या वाजवल्यास त्या?"

आईने मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, हे काय विचारणं झालं, असं.

"तू माझी पोर आहेस," ती म्हणाली. "तुला नाही वाजवणार तर कुणाला वाजवणार?"