आपण म्हणजे कोण?

आमचे हे नगरपंचायतीत पाणी सोडायच्या कामावर आहेत. गावात कुठे थेंब गळला तरी यांना घास गोड लागत नाही. घरातला नळ मात्र वर्षभर ठिबकतोय.

जुने अध्यक्ष फाटक्या तोंडाचे. यांना "गाढवा" म्हटल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू व्हायचा नाही. पण पाइप फुटला की पँट दुमडून स्वतः खड्ड्यात उतरायचे, दुसरं टोक धरायचे. हे घरी येऊन त्यांच्या नावानं बोटं मोडायचे आणि दुसऱ्या दिवशी वेळेआधी हजर.

नवे अध्यक्ष शिकलेले. आवाज चढवत नाहीत, यांना अहो-जाहो करतात. आणि वाक्यागणिक "आपण". आपण टाकी धुऊ, आपण सांधे बदलू. टाकी धुतली यांनी, सांधे बदलले यांनी. अध्यक्षांनी नुसतं "आपण" पुरवलं. हे हळूहळू गप्पच झाले.

माझ्या भावाच्या कारखान्यात एक जागा होती. मी किती दिवस यांच्या कानीकपाळी ओरडत होते! काल चहा पिताना हे म्हणाले, "सांग त्याला, येतो म्हणून." मला आभाळ ठेंगणं झालं. संध्याकाळी फोन करायचं ठरलं.

दुपारी शाळेजवळ मोठा पाइप फुटला. मी डबा घेऊन गेले, तर हे कंबरभर चिखलात आणि अध्यक्ष काठावर.

"कुणीतरी तिकडचं टोक धरा!" हे ओरडले.

"हो, हो, आपण धरू," अध्यक्ष म्हणाले आणि बूट जपत मागे सरकले.

माझं डोकंच फिरलं. डबा त्यांच्या हातात कोंबला, चपला काढल्या आणि उतरले खाली. पाण्याचा फवारा थेट तोंडावर.

"घट्ट धर, गाढवे!" हे म्हणाले आणि खदखदून हसले. कित्येक महिन्यांनी हसले असतील.

पाइप बसला. "बघा, आपण करून दाखवलं!" अध्यक्ष म्हणाले. डबा तेवढा त्यांनी घट्ट धरला होता.

घरी येऊन मी फोन हातात घेतला. "करू ना भावाला?"

हे डोकं पुसत म्हणाले, "पलीकडचा सांधाही कच्चाच आहे गं. उद्या आपण बघू."

"आपण म्हणजे कोण?"

"कोण म्हणजे? तू आणि मी."

घ्या! खड्ड्यात उतरायची अवदसा मलाच आठवली होती. भावाला फोन लावला आणि माझ्याच तोंडानं नाही म्हणून सांगितलं.